दमलेलं सोनं

"सायबानू, भांगार काढलात मा?"

रोज सकाळी ओढ्यावर पोचलो की सगुण परबाचा हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, चहापाणी नाही, थेट हेच. भांगार म्हणजे सोनं. अंगावरचं सोनं काढून ठेवल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, हा आमच्या कामाचा नियम. माझ्या पुस्तकात तो तळटीपेत होता, सगुणबाबच्या धर्मात तो पहिल्या पानावर होता. आधी स्वतःच्या बोटातली लग्नातली अंगठी काढायचा. तारेसारखी बारीक अंगठी होती ती. तपकिरीच्या पितळी डबीत ती ठेवायची, डबी फडक्यात बांधायची आणि काठावरच्या झाडाच्या फांदीला टांगायची. मग वळून आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघायचा, देवळात शिरणाऱ्याच्या पायातल्या चपलांकडे पुजारी बघतो तसा.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सांगलीकडचा, भूगर्भ खात्यात नवा, नोकरी अजून कायम व्हायची होती. गोवा मुक्त होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. डिचोलीकडे लोखंडाच्या खाणींनी डोंगर लाल करून टाकले होते, पण आमच्या तुकडीला लोखंडाशी कर्तव्य नव्हतं. पेडणे आणि डिचोलीच्या डोंगरांतून हिरवट काळ्या खडकांचा एक फार जुना पट्टा जातो. अशा खडकांत दुसरीकडे सोनं सापडलं आहे, तांबं आणि जस्तही सापडलं आहे. इथे आहे का, ते आम्ही बघायचं. पद्धत जुनीच. डोंगर झिजतो, ओढ्यात येतो, आणि सोनं जड म्हणून ओढ्याच्या तळाशी बसतं. ओढ्याची रेती धुवायची, तळाशी काय राहतं ते बघायचं, आणि तसं काही दिसलं तर उलट दिशेने चढत डोंगर गाठायचा.

ही रेती धुणारा माणूस म्हणजे सगुणबाब. वय पन्नाशीच्या आसपास, किडकिडीत, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पंचा. खात्याने त्याला चांगली लोखंडी थाळी दिली होती. ती तो दुपारच्या जेवणाला ताट म्हणून वापरायचा. धुण्यासाठी त्याची स्वतःची फणसाच्या लाकडाची काथवट होती, आईकडून आलेली. आईचं माहेर सावंतवाडीचं आणि ते लोक झारेकरी. सोनारांच्या पेढीसमोरची धूळ झाडून न्यायची, धुवायची आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. "आवय माजी रस्तो झाडून भांगार काडी," असं तो सांगायचा, त्यात लाजही नसे आणि बढाईही नसे.

काथवट हातात आली की बडबड्या सगुणबाब मुका व्हायचा. पाण्यात उकिडवा बसून काथवट अशी काही फिरवायचा की माती, मग वाळू, मग खडे आपणहून काठावरून निघून जायचे. शेवटी काळ्या रेतीची एक चिमूट उरे. तिला एक हलका झोका दिला की तिचं शेपूट पसरायचं आणि त्या शेपटाच्या टोकाला, असलाच तर, पिवळा ठिपका. त्याला आम्ही रंग म्हणायचो. "रंग इलो" म्हणून सगुणबाबने हाक दिली की खडक फोडणारेही हातोडे टाकून धावत. पण ही हाक महिन्यातून एखाद्या वेळी. एरवी तो काळी रेती नखाने पसरून पाही, मान हलवी आणि म्हणे, "पाणी फटी मारता सायबानू, तळ कधी फटी मारणा नाय." पाणी खोटं बोलेल, तळ बोलणार नाही. मला हे वाक्य फार आवडे. घरच्या पत्रांतून मी ते माझंच असल्यासारखं वापरलंही होतं.

माझं काम त्याच्या आधीचं. ओढ्याच्या वळणावरचा गाळ खणून काढायचा आणि ढेकळं तारेच्या चाळणीवर तळहाताने रगडायची. खाली पडेल ते सगुणबाबकडे. मजुरांकडूनही ते करून घेता आलं असतं, पण मी नवा होतो आणि नाकाने कांदे सोलत होतो. माझ्या नमुन्याला माझाच हात लागला पाहिजे, असा माझा हट्ट.

त्याच्या सचोटीची एक गोष्ट सांगतो. डिचोलीत मयेच्या पलीकडे एका गावी आम्ही ओढा चढत होतो. एका डोहापाशी मी जागा मुक्रर केली. वळण झकास, गाळ भरपूर. सगुणबाब काठावर उभा राहिला, खाली उतरेना.

"हयसरली माती घेव नकात," तो म्हणाला.

"का?"

"जत्रेआदी देवीचां भांगार हंय धुतत. रिठ्यान घासतत. रंग येतलो, पण तो देवीचो. डोंगराचो न्हय."

मी गुरवाला विचारलं. खरं होतं. वर्षानुवर्षं देवीचे दागिने त्या डोहाच्या पायरीवर घासून उजळत होते. मी हौसेने एक काथवट धुवून घेतलीच. खरोखर रंग आला, तीन-चार ठिपके. सगुणबाबने शांतपणे काथवट पाण्यात बुडवून रिकामी केली आणि हात जोडले. "आपलां नाय ता आपलां म्हणूंक नये," एवढंच म्हणाला. त्या दिवशी नमुना न घेता आम्ही वर गेलो.

असा माणूस खात्यात रोजंदारीवर होता. पावसाळ्याआधी तुकडी परत जायची, त्याबरोबर त्याची नोकरीही संपायची. पुन्हा दसरा उलटला की तो पेडण्याच्या टपाल कचेरीत खेटे घालायचा, बोलावणं आलं का म्हणून. मधले महिने काय? आधी बारा वर्षं तो डिचोलीच्या खाणींवर होता, तिथली लाल धूळ त्याच्या छातीत बसली होती. हसला तरी खोकला यायचा. डॉक्टरांनी खाणीवर पुन्हा जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं. त्याचं एकच मागणं होतं. खात्यात कायम व्हावं. मोठ्या साहेबांनी त्याचं काम पाहून शब्द दिला होता की या हंगामाच्या शेवटी शिफारस करतो. सगुणबाब रोज जेवताना, पेजेत लोणच्याच्या आंब्याची फोड बुडवत, कधी सरळ तर कधी आडून, तो विषय काढायचाच. "खाणीर परत जावचा नाय माका, सायबानू. सगळां चलात, तां चलूचां नाय." मी म्हणायचो, होणार हो, साहेबांनी शब्द दिलाय. माझ्या खिशातलं काय जात होतं?

आता माझ्या अंगठीकडे यायला हवं.

त्या दिवाळीत माझा साखरपुडा झाला. सासऱ्यांनी अंदाजाने घडवलेली अंगठी बोटात सैल होत होती. आईने निघताना बजावलं, ही बोटातून काढायची नाही, अपशकुन होतो. मी शास्त्राचा माणूस, हसलो. ओढ्यावर गेलं की काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचो. एक दिवस वाकलो आणि अंगठी खिशातून निसटून पाण्यात गेली. कुठे, कधी, पत्ता नाही. माझा चेहरा बघून सगुणबाबने बाकीचं काम थांबवलं. "हलूं नकात. कोणी पाण्यात येव नकात," म्हणाला, आणि डोहाच्या खालच्या टोकापासून वर सरकत सगळा तळ काथवटीने धुवायला बसला. मी काठावर दगडावर बसून राहिलो. डबा उघडला नाही. ऊन कलत आलं तेव्हा त्याने काथवट माझ्यापुढे धरली. काळ्या रेतीच्या शेपटाच्या टोकाला माझी अंगठी. "रंग इलो," तो म्हणाला, आणि खोकला येईपर्यंत हसला.

मग त्याने आपली तपकिरीची डबी पुढे केली. "ह्यात घाला सायबानू. माजी आसा थंय तुमची र्‍हवांदी. झाडार टांगल्यार कोण चोरतलो?"

मी नको म्हणालो. का, ते आज स्वच्छ सांगतो. माझ्या साखरपुड्याची अंगठी मजुराच्या, तपकिरीचा वास मारणाऱ्या डबीत ठेवायची मला लाज वाटली. आणि शास्त्राचा माणूस असूनही आईचा अपशकुन आता माझ्या मनात शिरला होता. दुसऱ्या दिवसापासून मी अंगठी बोटातच ठेवली आणि तिच्यावरून चिकटपट्टी गुंडाळली. पट्टीने अंगठी घट्ट राहील, आणि पट्टीखाली असल्यावर नमुन्याला थोडंच काही होतंय, असा हिशोब.

"सायबानू, भांगार काढलात मा?"

"काढलं," मी म्हणालो.

"बोटाक कितें जालां?"

"कापलं जरा."

"बगू. हळद घालतंय."

मी हात मागे घेतला. माझ्या बोटाकडे एकदा बघून तो काथवट घेऊन पाण्यात उतरला.

पेडण्याच्या डोंगरातल्या एका ओढ्यावर त्या आठवड्यात रंग आला. एका नमुन्यात नव्हे, लागोपाठ तिन्हीत. मी नाचायचाच बाकी होतो. संध्याकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला, त्याच्याकडचे सगळे उंडे मी विकत घेऊन मजुरांना वाटले. सगुणबाबने उंडा घेतला, पण तोंड उतरलेलंच. भिंगाखाली कण धरून तो बराच वेळ बघत होता.

"माका ह्या भांगार बरां दिसणा नाय," तो म्हणाला.

"का? पिवळं नाही का?"

"पिवळां आसा. पण पाण्यातसून इल्लां भांगार दमलेलां आसता. दगडार आपटून आपटून त्याच्यो कडो मोडतत, आंग गोल जाता. ह्या कोवळां. ह्येच्यो कडो बगा. काल जल्मल्यावरी दिसता."

मी भिंग घेतलं. कणांच्या कडा धारदार होत्या, एकदोन तर कातरणासारखे वळलेले. डोंगर जवळच असेल, लांबचा प्रवास नसेल झाला, असं मी त्याला समजावलं. हेही शास्त्रात बसतं. त्याने कण पुन्हा पुडीत बांधले. शास्त्र माझ्या बाजूचं होतं ना. दुसऱ्याच दिवशी मी मुख्य कचेरीला तार केली.

तार करून आलो, आंघोळीआधी बोटाची पट्टी सोडली. तळहाताच्या बाजूने पट्टी फाटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या. खाली अंगठीवर बारीक बारीक ओरखडे, एकाच दिशेने गेलेले. चाळणीच्या तारा, गारगोटीची वाळू आणि मधे माझं बोट. मग अंगठी ट्रंकेत तळाशी ठेवली आणि पट्टी न्हाणीघराच्या मोरीत टाकली. मनाशी म्हटलं, असेलही नसेलही. खड्डे खणल्यावर कळेलच.

कळलं. डोंगरात खणलेल्या खड्ड्यांत सोन्याचा कणही निघाला नाही. आणि प्रयोगशाळेचा कागद आला की नमुन्यातल्या सोन्यात तांब्याची भेसळ आहे, दागिन्यांच्या सोन्यात असते तशी.

मोठे साहेब स्वतः आले. चांगला माणूस होता, आवाज चढवणारा नव्हता. आम्ही पेडण्यात भाड्याने घेतलेल्या घराच्या पडवीत खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला विचारू लागले. सगुणबाब पुढे आला तेव्हा त्यांची नजर त्याच्या बोटाकडे गेली.

"अंगठी घालता तुम्ही?"

"हय सायबानू. पण पाण्यात जाताना काडतंय. ह्या डबयेत घालतंय, डबी झाडार टांगतंय." त्याने डबी काढून दाखवली. साहेबांनी ती उघडली, वास घेतला, बंद केली. मग माझ्याकडे वळले.

"रोज काढतो हा?"

पडवीत सगळे होते. सगुणबाब माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त. रोज सकाळी त्याची डबी फांदीला लटकताना मी पाहिली होती. तिच्याकडे बघून वेळ सांगता आली असती, इतकी ती नेमाची होती. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. होय.

मी म्हणालो, "काढतो, असं तो म्हणतो."

खोटं नव्हतं. म्हणूनच इतकी वर्षं ते मला पचत नाही. चक्क खोटं बोललो असतो तर कदाचित कधीतरी स्वतःला माफ केलं असतं.

सगुणबाबने माझ्या चेहऱ्यावरून नजर काढली आणि माझ्या हाताकडे नेली. बोटाला पट्टी नव्हती. कापल्याची खूणही नव्हती. अंगठी आणि पट्टीखाली राहिलेलं कातडं तेवढं अजून पांढरंफटक, वाटोळं. झारेकऱ्याच्या नातवाला याहून जास्त काय सांगायला लागतं? आता बोलेल, असं मला वाटलं. खरं सांगतो, बोलावं असंही वाटलं.

तो साहेबांना म्हणाला, "माज्याच हातासून जाली आसतली चुकी. एकादे दिवस विसारलंय आसतलंय."

असं तो का म्हणाला, हे मी त्याला कधीच विचारलं नाही. माझं लग्न ठरलं होतं, नोकरी कायम व्हायची होती, हे त्याला ठाऊक होतं. की साहेब साहेबाचंच ऐकतो हे बारा वर्षं खाणीवर शिकला होता? की माझीच लाज वाटली त्याला? साहेबांनी हळहळून मान हलवली. त्याला काही शिक्षा झाली नाही, शिक्षा व्हायला तो होता कोण? शिफारशीचा कागद तेवढा गेला नाही, आणि पुढच्या दसऱ्यानंतर पेडण्याच्या टपाल कचेरीत त्याच्या नावाचं बोलावणं आलं नाही. मला माहीत आहे, कारण बोलवायच्या माणसांची यादी माझ्याच हातून टाईप झाली. मी त्या हंगामात कायम झालो होतो.

पुढे माझी बदली झाली. सगुण परब पुन्हा खाणीवर लागला, असं एका मजुराकडून कळलं. पत्र लिहायचं ठरवलं. चारदा सुरुवात केली. त्याला वाचता येत नव्हतं, कुणीतरी दुसऱ्याने त्याला ते वाचून दाखवलं असतं, आणि ती सबब मला चांगली पुरली.

सहा-सात वर्षांनी पणजीला कामासाठी आलो, बरोबर बायको होती, निर्मला. तिला तेरेखोलचा किल्ला बघायचा होता. केरीला जीप फेरीबोटीवर चढवली आणि कठड्याशी उभे राहिलो. समोरच्या बाजूला एक म्हातारा पंचा डोक्याला बांधून बसला होता. पायांच्या भेगांत लाल धूळ. खोकल्याने मी त्याला ओळखलं, चेहऱ्याने नव्हे.

"सगुणबाब."

तो उठून उभा राहिला. "सायबानू," म्हणाला, आणि निर्मलेकडे बघून हात जोडले. "वयनीबाय मा?" खाण सुटली होती, शरीर ऐकेना. तेरेखोलला लेकीकडे चालला होता. बोट सुटली. नदी ओलांडायला फार वेळ लागत नाही. मला वाटलं, आता बोललो नाही तर कधीच नाही.

"सगुणबाब, ती अंगठी…"

"तां सांगतंय वयनीबायक," त्याने माझं वाक्य उचललं, आणि तिच्याकडे वळून तिला ती गोष्ट सांगितली. ओढा, निसटलेली अंगठी, दगडावर बसलेले सायब. "जेवूक नाय सायब त्या दिवसा. डबो उगडूक नाय. तुमची आठवण, मा!" काथवटीत अंगठी कशी आली, ते त्याने हात गोल फिरवून दाखवलं. निर्मला हसत होती. गोष्ट अंगठी सापडली तिथे संपवून तो थांबला.

"हीच ती," निर्मलेने माझा हात धरून त्याच्यापुढे केला. "सात वर्षांत कधी बोटातून काढली नाही यांनी."

सगुणबाबने माझं बोट हातात घेतलं. अंगठी हळूच फिरवली, खालची बाजू वर आणली आणि अंगठ्याने चाचपली. काथवटीत काळी रेती पसरायचा तसा.

"हय, हीच ती," तो म्हणाला. "वायच झिजल्या."

आणि माझा हात परत दिला.

"तुमची कुठे आहे? तुमच्या डबीचं यांनी सांगितलंय मला," निर्मलेने विचारलं. मी तिला डबीची गोष्ट सांगितली होती. तेवढीच.

"ती डबयेत आसा. मागीर घालूक नाय." त्या हंगामानंतर त्याने ती बोटात घातलीच नव्हती.

बोट काठाला लागली. जीपमध्ये बसा, वर सोडतो म्हणून मी किती आग्रह केला. निर्मलेनेही केला. "तुमी चला. मी येतंय दमान," एवढंच म्हणाला. आम्ही वर गेलो. किल्ल्याच्या तटावर निर्मला मला समुद्र दाखवत होती आणि मी खाली रस्त्याकडे बघत होतो. तिला मी काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. हे लिहून झालं की कागद तिच्या हातात देणार आहे. ज्याला द्यायला हवे होते, तो आता नाही.

त्या दिवशी चढणीवर तो दोनदा थांबला. पहिल्यांदा थांबला तो एका गड्यासाठी, डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या त्या माणसाला त्याने वाट दिली. दुसऱ्यांदा वाट मोकळी होती. गुडघ्यांवर हात टेकून तो उभा राहिला, आणि मला वाटलं, आता मान वर करून तटाकडे बघेल. मी हात उचललासुद्धा. तो फक्त श्वास घेत होता.